ऑल्डरस्टो घराण्याची शिरगणती

१९४४ साली जगात ऑल्डरस्टो आडनावाची एकूण चार माणसं होती आणि त्यांतल्या एकाचे बूट मी रोज पुसत असे. चार माणसांचे आठ पाय धरले, तर जगातल्या ऑल्डरस्टो पायांचा पाव हिस्सा माझ्या देखरेखीखाली होता. इतकी मोठी जबाबदारी आमच्या घराण्यात आधी कुणावर पडलेली नव्हती.

मी आकाराम नाथाजी शेवाळे, राहणार उंब्रजजवळ. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे दोनशे चाळीस शेवाळे आहेत आणि प्रत्येकाला वाटेल, हे त्याच्यावरच लिहिलंय. फौजेत घेतलं ते उंची बरी होती म्हणून, आणि लेफ्टनंट ऑल्डरस्टोचा अर्दली केलं ते मराठी सातवी पास होतो म्हणून. इटलीत एका पडक्या गोठ्यात आमचा मुक्काम होता. साहेब चोवीस वर्षांचा, नाक कायम लाल. मराठी मुनशीकडून शिकलेला, त्यामुळे वाटेत शेळी आडवी आली तरी तिला 'आपण कृपया बाजूस व्हावे' असं म्हणे. शेळ्या ऐकत.

सकाळी दाढी करताना तो बोलायचा, आणि बोलायचा ते आडनावावर. त्याच्याकडे काळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. तीत आजवर झालेले सगळे ऑल्डरस्टो होते. कोण कधी जन्मला, कुठे मेला, कुठे हरवला.

"ऑल्डर हे ओढ्याच्या काठी वाढणारं झाड आहे," त्याने एकदा सांगितलं. "आणि स्टो म्हणजे देवाची जागा."

"म्हंजी देवराई," मी म्हणालो.

साहेबाने वस्तरा थांबवला. "तुमच्याकडे अशी आडनावं असतात?"

"आमचं शेवाळावरनं पडलंय, साहेब. तुमच्यापेक्षा ओढ्याच्या जरा आत."

त्याने हेही वहीत लिहून घेतलं. त्याला चेष्टा कळायची, पण कळल्यावर तो ती लिहून ठेवायचा.

या आडनावाचा पहिला पुरावा १५६१ सालचा. टॉमस ऑल्डरस्टो याला दुसऱ्याच्या रानात डुकरं चारल्याबद्दल दंड झाला, त्या दंडाच्या कागदात. पुढची दोनशे वर्षं कुणी सांगण्यासारखं काहीच केलं नाही, तरी संख्या वाढत गेली. सगळ्यांत जास्त झाले ते १७७१ साली, एकाहत्तर. सगळे एकाच गावात, एकाच ओढ्याच्या काठी, इंग्लंडच्या पश्चिमेला डोंगरात. मग लोकर घरात कातायची बंद होऊन गिरणीत कातायला लागली आणि गाव रिकामं होऊ लागलं. १८३२ साली एकोणीस ऑल्डरस्टो एकाच जहाजात बसून कॅनडाला निघाले. जहाज पोचलं नाही. पुढे एका पिढीत ओळीने अकरा मुली झाल्या आणि त्या अकरा घरी वाटल्या गेल्या. एक जण ऑस्ट्रेलियाला गेला होता. त्याच्या नावापुढे वहीत 'बहुधा' एवढंच लिहिलेलं होतं. मग पहिलं महायुद्ध. गावातल्या पोरांनी एकाच पलटणीत नावं घातली होती. फ्रान्समध्ये एका सकाळी न्याहारीच्या आधी पुरुष अकरा होते, न्याहारीनंतर सहा.

आता उरले चार. साहेब, त्याचे वडील आणि दोन बिनलग्नाच्या आत्या. एक मांजरं पाळायची. दुसरी पहिलीशी बोलत नव्हती.

मी त्याला आमच्या हेळव्याचं सांगितलं. हेळवी म्हणजे घराण्याच्या वंशावळी सांगणारा. मिरजेपलीकडनं सुगी झाल्यावर बैलावर बसून येतो, दारात घंटा वाजवतो आणि आपले मूळपुरुष कोण, कुठनं आले, देवक काय, कुणाला किती मुलगे, सगळं सुरात म्हणून दाखवतो. त्याबद्दल सूपभर धान्य घेतो. यंदा कोण जन्मलं, कोण गेलं, ते चोपडीत चढवतो आणि पुढच्या दारी जातो. त्याच्या मूळपुरुषाला पाय नव्हते म्हणून सगळे हेळवी बैलावर बसतात. आमच्या कल्लाप्पा हेळव्याचे पाय उत्तम आहेत. तो घराण्याच्या मानाखातर बसतो.

साहेबाने वस्तरा पुसून खाली ठेवला. "दर वर्षी येतो? आणि मोठ्याने वाचतो?"

"न चुकता."

"मी सहा वर्षं ही वही लिहितोय आणि ती कुणी एकदाही वाचलेली नाही," तो म्हणाला. मग त्याने एका लांब कागदावर तेरा पिढ्या उतरवून काढल्या. टॉमसपासून स्वतःपर्यंत. कागद घडी घालून माझ्या खिशात घातला. "आपल्या हेळव्यास माझा नमस्कार सांगावा आणि हेही दर वर्षी वाचावयास सांगावे. माझ्यातर्फे धान्य तू दे."

दिलं म्हणालो. शब्द दिला म्हणजे काय, दोन पायली जोंधळ्याचा प्रश्न होता.

ऑक्टोबरात एक नदी ओलांडायची होती. मी अलीकडच्या काठाला साहेबासाठी पाणी तापवत ठेवलं. ते तापलं, निवलं, पुन्हा तापवलं. तिसऱ्यांदा तापवताना सुभेदार आला आणि म्हणाला, "आकाराम, इझव त्यो जाळ." मी विझवला नाही. पाणी आटेपर्यंत ठेवलं. वही, घड्याळ आणि धुतलेले शर्ट विलायतेला गेले. कागद माझ्या खिशात होता, तो कुणी मागितला नाही.

१९४६च्या माघात मी घरी आलो, आणि पंधरा दिवसांत कल्लाप्पाची घंटा वाजली. आबा सोप्यात दोर वळत होते. आईने सूप भरून आणलं. मी कागद पुढे केला.

"कल्लाप्पा मामा, एक नवं घराणं हाय. चढवायचं."

"कुठलं गाव?"

"लांबचं. विलायतेचं."

कल्लाप्पाने बैलावरनं मान वाकवून कागदाकडे पाहिलं. त्याला आश्चर्य वगैरे काही वाटलं नाही. त्याच्या धंद्यात सगळीच घराणी लांबून आलेली असतात. "मूळपुरुष कोण?"

"टॉमस. डुकरं चारायचा."

"डुकरं नको री. वराह लिवतो. देवक?"

"ओढ्याकाठचं झाड. ऑल्डर."

"चिक्क निघतंय का त्येला?"

"म्हाईत न्हाई."

"मग उंबर धरू. कुळदैवत?"

"देवळात घोड्यावर बसलेला एक देव हाय. हातात भाला."

"मग इचारतोस काय, खंडोबा की," कल्लाप्पा म्हणाला आणि लिहीत गेला. अर्धा तास त्याने चोख काम केलं. एकोणीस जण बुडाले, तिथे बोरू बाजूला ठेवून त्याने हात जोडले. पाच जण एका सकाळी गेले, तिथे पुन्हा जोडले. शेवटी साहेबापाशी आला. "ह्येच्या खाली कोण?"

"कोण न्हाई. लगीन व्हायचं होतं."

त्याने बोरू पुसला. "तर मग एकदा वाचतो, खाली रेघ मारतो. पुन्यांदा वाचायचं न्हाई."

"का?"

"ज्येच्या खाली कोण न्हाई ते वाचून ऐकवू कुणाला? हेळवी चालता वेल वाचतो, खुंटलेला न्हाई. त्यो कायदा माजा न्हवं, आज्याचा हाय."

"पर मी शब्द दिलाय, दर वर्षाला वाचायचं म्हणून."

"दत्तक चालतो," कल्लाप्पा म्हणाला. "कोण हाय का?"

"मला लिव्हा."

आबांच्या हातातला दोर थांबला. आबा फार बोलत नसत. पहिल्या युद्धात ते बसऱ्याला होते आणि तिथून येताना बोलणं बहुतेक तिथेच ठेवून आले होते. "ह्यो न्हाई," ते म्हणाले. "ह्यो मी देत न्हाई."

"आवं आबा, नुसतं चोपडीत. मी हाय हितंच."

"चोपडीत गेला म्हंजी गेला. मग माज्या खाली कोण? मलाच रेघ मारणार ह्यो."

"मारावी लागंल," कल्लाप्पाने दुजोरा दिला.

झालं. दोन बापांमध्ये एक मुलगा, आणि त्यांतला एक बाप माझ्याहून फक्त दोन वर्षांनी थोरला. मी कागदाची घडी घालायला घेतली. आबा खाली बघत म्हणाले, "थोरला दे."

आईच्या हातात सूप होतं. ते तिने खाली ठेवलं नाही आणि वरही धरलं नाही.

माझ्या आधी एक मुलगा होता, इतकंच मला माहीत होतं. १९१८च्या तापात तो गेला. आबा तेव्हा बसऱ्याला होते. परत आल्यावर त्यांनी सांगितलं होतं म्हणे, की या घरात त्याचं नाव घ्यायचं नाही. मला चोवीस वर्षं ते नाव ठाऊक नव्हतं. लहानपणी मी मनाने त्याचं नाव बाजीराव ठेवलं होतं.

कल्लाप्पाने आमचं पान उघडलं. "नाथाजीचे पुत्र दोन. थोरला कृष्णात, वय सहा. हितं दुसरा वेल चालतोय, म्हणून ह्येचं नाव वाचण्यात गळतंय. तिकडं गेला तर गळणार न्हाई. तिकडं एकलाच की त्यो, आन् पोरवयाच्या नावाखाली रेघ मारत न्हाईत. दर साली घ्यावंच लागंल."

"म्हणूनच म्हंतोय," आबा म्हणाले.

"मेल्यालं पोर मेल्याल्या बापाला," कल्लाप्पा विचार करत बोलला. "आसं कुणी केलं न्हाई. पर करू नये आसं बी कुठं लिवल्यालं न्हाई. देणाऱ्यानं पोर उचलून घेणाऱ्याच्या मांडीवर ठेवायचं, आन् 'दिला' म्हणायचं. आईची सम्मती पायजे."

आई म्हणाली, "दर वर्षाला नाव घेणार?"

"न चुकता, अक्का."

"मोठ्यानं?"

"दारात हुबा राहून. माजा आवाज तुमी ऐकताय की."

आईने मान हलवली.

साहेबाचा कागद पाटावर ठेवला. घेणारा तो. देण्यासाठी मुलाचं काहीतरी हवं होतं, पण काही नव्हतं. तापाच्या साथीत कपडे जाळले होते. मग आबा उठले आणि मोकळेच हात पुढे करून उचलल्यासारखं केलं. दोन्ही हातांत काही नाही, आणि तरी त्यांनी ते जपून धरलं होतं.

आई म्हणाली, "आवं, एवढा न्हवता. मोठा झाल्ता."

आबांनी हात थोडे लांब केले.

"आनिक. तुमी गेला तवा चार वरसाचा हुता. गेला तवा सहाचा. पाय पार हितवर येत हुते."

तिने स्वतःच्या मांडीवर हात ठेवून दाखवलं. आबांनी हात आणखी लांब केले. मुलगा दोन वर्षांत किती वाढला हे त्यांना त्या दिवशी कळलं. मग ते वाकले आणि त्याला कागदावर ठेवून म्हणाले, "दिला."

कल्लाप्पा धंदेवाईक माणूस. म्हणाला, "जरा अलीकडं ठेवा. डोस्कं पाटाच्या भाईर जातंय."

आबांनी अलीकडे ठेवला.

आता यात माझी चूक झाली ती सांगतो. त्या आठवड्यात मी साहेबाच्या वडिलांना पत्र लिहिलं. पत्ता पाठ होता, इंग्रजी फौजेतलं होतं. लिहिलं की, महाराज, आपल्या चिरंजीवांच्या इच्छेप्रमाणे आपलं घराणं आमच्या हेळव्याच्या पुस्तकात चढवलं आहे. त्यांच्या नावाखाली एक मुलगा आहे. नाव कृष्णात, वय सहा. घराणं चालू आहे, काळजी नसावी. मेलेला आहे, हे लिहिलं नाही. हेळव्याच्या चोपडीत जिवंत आणि मेलेले शेजारी शेजारी असतात, वय ज्याचं जिथं थांबलं तिथं, आणि कोण कुठला हे कुणी विचारत नाही. हे सगळ्या जगाला ठाऊक असतं असं मला वाटत होतं. सगळं जग म्हणजे तेव्हा माझ्या हिशेबाने कराड तालुका आणि इटली.

आषाढात उत्तर आलं. म्हाताऱ्याचं अक्षर मुंग्यांसारखं बारीक आणि सरळ. एक आत्या लंडनमध्ये बॉम्बने गेली होती, दुसरी मागच्या थंडीत. दुसरी गेली ती पहिली गेल्यावर बोलायला कुणी उरलं नाही म्हणून, असं त्याचं मत होतं. 'मुलाची वही मी पुढे चालवतो. गेले काही महिने मी तीत एकूण संख्या एक अशी लिहीत होतो. काल मी ती खोडून दोन केली. तुमचे आभार कसे मानू ते मला कळत नाही. मुलाची आई कोण, हे मी विचारणार नाही. तो कसा आहे एवढंच सांगा. काय खातो? कशाला घाबरतो? त्याचं नाक लाल आहे का?'

मी ते सोप्यात उभ्याने वाचलं आणि बसलो. बसून वाचल्यावरही त्यात तेच लिहिलेलं होतं.

"काय म्हंतोय म्हातारा?" आईने विचारलं.

मी सांगितलं. म्हणालो, "आये, त्येला वाटतंय पोरगं जित्तं हाय. आजच लिवतो आन् खुलासा करतो."

"इचारलंय काय त्यानं?"

"काय खातो, कशाला भितो."

आई चुलीपुढे होती. भाकरी उलटत म्हणाली, "काकवी खातो. भाकरीसंगट न्हाई, नुसती, बोटानं. आन् नानासोच्या रेड्याला भितो. रेडा बांधल्याला आसला तरी लांबच्या बोळातनं जातो."

अठ्ठावीस वर्षांत त्याच्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. मी खुलासा लिहायला घेतलेला कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला काकवी लिहिली. काकवी म्हणजे काय हे समजावण्यात अर्धं पान गेलं. नाकाचं विचारलं तर आई म्हणाली, "सर्दी झाल्यावर." तेही लिहिलं. खुलासा पुढच्या पत्रात करू म्हटलं.

पुढच्या पत्रात त्याने विचारलं, झोपताना काय करतो. आई म्हणाली, "माज्या पदराचं टोक मुठीत धरतो. सोडवाय गेलं की जागा हुतो." मी लिहिलं. त्यापुढच्या पत्रात विचारलं, शाळेत जातो का. आई म्हणाली, "दोन म्हैने गेला. मास्तरनं मारलं, तर म्हनला, आबा आल्यावर सांगीन." आबा दोर वळत होते. हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. दोर वळायचा थांबला नाही, पण उलटा वळला जाऊ लागला. संध्याकाळपर्यंत सगळा उकलून ठेवावा लागला.

मी खोटं काही लिहीत नव्हतो. प्रत्येक शब्द खरा होता. शिरवळपासून सांगलीपर्यंत इतका खरा पत्रव्यवहार कुणी केला नसेल. आणि प्रत्येक पत्रागणिक तो मुलगा विलायतेत एकेक दिवसाने मोठा होत होता. म्हाताऱ्याने त्याच्यासाठी माडीवरची खोली पुसून घेतली. साहेबाचा लाकडी घोडा होता, त्याचा तुटलेला कान चिकटवला. गावात त्याच्याकडे आता लोक चौकशी करत होते म्हणे. दुकानदारीण विचारायची, नातवाचं काय पत्र. त्याने लिहिलं होतं, 'सत्तरी उलटलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. मी विसरलो होतो की उत्तर देण्यात इतका आनंद असतो.'

हे वाचून दाखवल्यावर आईने चुलीतलं लाकूड आत सारलं. त्या वाक्यात म्हातारा कुणाबद्दल बोलत होता, ते आम्हा दोघांनाही समजलं होतं.

१९४७चा माघ आला, कल्लाप्पा आला. त्याने बैलावर ताठ बसून आधी शेवाळ्यांचा वेल म्हटला आणि मग आवाज चढवून दुसरा घेतला. वराहपालक टॉमस, देवक उंबर, एकोणीस पाण्यात, पाच फ्रान्सच्या रणात, आणि शेवटी, "त्येचा पुत्र कृष्णात." गल्लीत माणसं जमली होती. शेजारचा धुळा म्हणाला, "गड्या, इंग्रज चाललाय सोडून, आन् तुमी आता दारात बसवून घ्या त्येला." सगळे हसले. त्या बेचाळीसच्या धामधुमीत ज्यांच्या पाठी सोलल्या होत्या तेही हसले. मीही हसलो. आई दारात उभी होती. म्हणाली, "कल्लाप्पा, शेवटलं परत म्हना."

कल्लाप्पाने परत म्हटलं. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही.

त्याच आठवड्यात पत्र आलं. म्हाताऱ्याने सगळी व्यवस्था केली होती. त्यांच्या पाद्र्याची बहीण मुंबईत नर्स होती. ती एप्रिलच्या बोटीने परत जाणार होती आणि मुलाला सोबत आणायला तयार होती. 'मी त्याला कायमचा मागत नाही. तुमच्या मातोश्री त्याला सांभाळतात हे मला माहीत आहे. एक उन्हाळा पाठवा. मला त्याला ओढा दाखवायचा आहे. मग परत पाठवीन.'

मी पत्र वाचून दाखवलं. मग त्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. शेवटी मी म्हणालो, "आता लिवावंच लागंल. सगळं. चूक माजी हाय, माफी मागून लिवतो."

आबा म्हणाले, "खरं कळलं तर म्हातारं जाईल. लिव, आमी देत न्हाई म्हणून. राग येईल, पर जगंल."

"आन् रोज वाट बगंल," आई म्हणाली. "आज देतील, उद्या देतील. मला म्हाईत हाय ते. तुमच्या कागदाची मी तीन वरसं बगितली." ती हात पुसून माझ्यासमोर येऊन बसली. "पोर गेलं तर घरच्यानं सांगायचं आसतं. त्येचं घर हाय ते बी. मी सांगते, तू लिव."

आणि तिने सांगितलं. मंगळवारी ताप आला. घरात चार जणं, चौघांनाही ताप. तिला उठता येत नव्हतं. मुलगा पाणी मागत होता, माठ चार हातांवर होता. ती सरपटत निघाली आणि मध्येच तिला भोवळ आली. शुद्धीवर आली तेव्हा मुलगा स्वतःच उठून माठापाशी गेला होता. तिथेच बसला होता, भांडं हातात. पाणी प्यालेला होता की नव्हता ते तिला अजून माहीत नाही. दुपारी गल्लीतल्या दोघांनी त्याला नेलं, एका गाडीत तिघांना मिळून. तिला उठवलं नाही. "रडाय सुदिक कुणाला ताकद न्हवती," ती म्हणाली. "लिवलास?"

"लिवलं."

"पानी प्याला आसंल आसं लिव. म्हाताऱ्याला बरं वाटंल."

मी लिहिलं. आपला नातू आणि आपला मुलगा जिथे असतील तिथे सुखी असोत, वगैरे फौजेत शिकलेली वाक्यं होती, ती खोडून टाकली. काही बदललं नाही, काही वाढवलं नाही. फक्त साल लिहिलं नाही. पत्र उंब्रजच्या पेटीत टाकलं आणि पेटीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिलो. पोस्टमन म्हणाला, "काय रं, गरम हाय का?"

दुसऱ्या दिवशी आईने सुतक धरलं. अठरा साली कुणी धरलं नव्हतं. दहा दिवस ती देवघराकडे गेली नाही. बायका भेटायला यायच्या, कुणाचं सुतक म्हणून विचारायच्या आणि उत्तर ऐकून गप्प बसायच्या. चंद्राबाई तेवढी रडली. तिचा मुलगा त्याच गाडीत होता. दहाव्या दिवशी आबा आणि मी कृष्णेवर गेलो. भाताच्या पिंडावर आबांनी काकवी ओतली. मला वाटलं होतं, आता दुपार होणार. कावळे आमच्याकडचे फार हट्टी आहेत, चांगल्या चांगल्यांना ताटकळत ठेवतात. आम्ही चार पावलं मागे सरतोय तोवर एक येऊन शिवला.

"भुकेला आसंल," आबा म्हणाले. मग ते घाटाच्या पायरीवर बसले आणि मोठ्याने रडले. पंचवीस वर्षांत मी त्यांचा इतका मोठा आवाज ऐकला नव्हता. हमालीला आलेली दोन माणसं थांबून बघत होती. मी त्यांना सांगितलं, वडिलांचा नातेवाईक विलायतेत वारलाय. त्यांनी हळहळून मान हलवली.

उत्तर सप्टेंबरात आलं. तोवर इंग्रज गेले होते, तिकिटावरचा राजा तेवढा मागे राहिला होता. म्हाताऱ्याचं अक्षर आता सरळ नव्हतं. त्याने फार लिहिलं नव्हतं. 'तुमच्या मातोश्रींचं पत्र मी देवळात वाचून दाखवलं. सगळा गाव आला होता. वहीत मी पुन्हा एक लिहिला आहे. पुढे ती वही पाद्री ठेवील. आमच्या देवळाच्या भिंतीत युद्धात गेलेल्या ऑल्डरस्टोंचा दगड आहे. त्यात माझ्या मुलाच्या खाली जागा होती. तिथे मी कोरून घेतलं आहे, कृष्णात ऑल्डरस्टो, वय सहा. पाथरवट म्हणाला, हा युद्धात गेला नाही. मी त्याला म्हणालो, तू कोर.'

खाली एक ओळ होती. 'कृपा करून त्यांना सांगा, तो नक्की पाणी प्याला असेल. सहा वर्षांच्या मुलाच्या हाती भांडं असेल तर तो आधी पितो.'

ही ओळ आईने मला चार वेळा वाचायला लावली. मग विचारलं, दगड भिंतीच्या आतल्या अंगाला आहे की बाहेरच्या. मला माहीत नव्हतं. तिथे ऊन येतं का, हेही तिला हवं होतं. मी दोन्ही विचारून पत्र टाकलं. आता पुढचा माघ जवळ आला, उत्तर नाही. पोस्टमन दारावरनं जाताना सायकल हळू करतो, नुसती मान हलवतो आणि पुढे जातो. आई उंबऱ्यात उभी असते. मी अजून एक पत्र टाकलंय, या वेळी पाद्र्याच्या नावाने.